चित्र आत घेतलं की माप का बदलतं? ९० मिमीचं लेबल २८१ मिमी झालं!

शाई_कागद (सावदा)

नमस्कार मंडळी. सावद्यात आमची छोटी प्रेस आहे. सासऱ्यांच्या काळात ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर) लग्नपत्रिका निघायच्या. आता डिझाइन मी करते आणि छपाई जळगावहून करून आणतो. सीझनला पत्रिका, एरवी केळीच्या खोक्यांची लेबलं, बिलबुकं, दुकानांची स्टिकर.

गेल्या आठवड्यात एका केळी व्यापाऱ्याने जुनं लेबल आणून दिलं. ९० बाय ६० मिमी. म्हणाला, ताई, हेच माप पाहिजे, खोक्यावर त्याची चौकट आधीच छापलेली आहे. मालकांनी दुकानातल्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं, लेबलाच्या कडेने कापलं आणि मला घरी व्हॉट्सॲपवर पाठवलं. इंकस्केप या रेषांच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केलं तर रुंदी २८१.२५ मिमी! पानाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. तीच फाइल जळगावच्या डिझायनरने इलस्ट्रेटर या तशाच सॉफ्टवेअरमध्ये घेतली तर त्याच्याकडे ३७५ मिमी.

लेबल एक, फाइल एक आणि मापं तीन. स्कॅनर चुकला, इंकस्केप चुकलं की मी चुकले? आणि चित्र पहिल्यापासून बरोबर मापात यावं म्हणून काय करायचं?

---

तापीकाठचा (भुसावळ)

ताई, एवढा विचार कशाला? चित्र निवडा, वरच्या पट्टीत एकक मिमी करा, रुंदी-उंचीमधलं कुलूप बंद करा, रुंदीत ९० टाइप करा, एंटर मारा. उंची आपोआप ६० होते. दहा सेकंदांचं काम.

---

शाई_कागद (सावदा)

भाऊ, सध्या तेच करतेय. पण या लेबलाचं माप मला माहीत होतं म्हणून जमलं. उद्या कोणी नुसती फाइल पाठवली आणि मूळ कागद हातात नसला तर काय टाइप करू? म्हणून कारण समजून घ्यायचंय.

---

रेषाबिंदू (धुळे)

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे. मी डीटीपी शिकवतो आणि दर बॅचला हा प्रश्न येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा स्कॅनर चुकलेला नाही. ९० मिमी म्हणजे ३.५४ इंच. इंचाला ३०० ठिपके धरले तर १०६३ पिक्सेल. तुमच्या फाइलची रुंदी तपासा, १०६३ च्या आसपासच असेल. फोटोच्या फाइलमध्ये खरी वस्तू एवढीच असते, पिक्सेलची संख्या. मिलिमीटर त्यात नसतातच. सोबत एक छोटी नोंद असू शकते, "इंचाला ३०० धरा". ही नोंद वाचून सॉफ्टवेअर भागाकार करतं आणि माप काढतं.

आता ती नोंद गायब झाली असं समजा. मग प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला ठरलेला आकडा धरतं. इंकस्केप ९६ धरतं. १०६३ भागिले ९६ म्हणजे ११.०७ इंच, म्हणजे २८१ मिमी. इलस्ट्रेटर ७२ धरतं. १०६३ भागिले ७२ म्हणजे १४.७६ इंच, म्हणजे ३७५ मिमी. तुमचे दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात. तिघांनीही गणित बरोबरच केलंय, फक्त प्रत्येकाने भागलं वेगळ्या आकड्याने.

---

शाई_कागद (सावदा)

आत्ता पाहिलं. १०६३ बाय ७०९. अंगावर काटा आला सर! तीन दिवस मी स्कॅनरला दोष देत होते.

---

जुना_जुळारी (अमळनेर)

वाचून बरं वाटलं. मी खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरं) जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवली, म्हणून माझ्या भाषेत सांगतो.

आमच्या वेळी पत्रिकेवर फोटो किंवा गणपती छापायचा तर ब्लॉक (चित्राचा छपाईचा ठसा) करून आणावा लागे. ब्लॉकमेकरकडे मूळ फोटो पाठवायचा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहायचं, "रुंदी ३ इंच". फोटो पोस्टकार्डाएवढा असो नाहीतर भिंतीवरच्या तसबिरीएवढा, ब्लॉक ३ इंचाचाच यायचा. पेन्सिलीची अक्षरं पुसली गेली किंवा लिहायचं राहून गेलं, की ब्लॉकमेकर आपल्या अंदाजाने करायचा आणि तो ब्लॉक आमच्या चौकटीत बसायचा नाही. मग पुन्हा जळगावची एसटी.

धुळ्याचे सर ज्याला नोंद म्हणतात, ती फोटोच्या मागची पेन्सिल आहे. फोटो तोच राहतो, मागचं लिहिलेलं पुसलं जातं.

---

रेषाबिंदू (धुळे)

नाना, हे उदाहरण मी उद्याच वर्गात सांगणार. यापेक्षा चांगलं मला कधी सुचलं नव्हतं.

---

पाटीपेन्सिल (एरंडोल)

मग पेन्सिल पुसली कोणी? स्कॅनर तर नोंद लिहितो ना?

---

रेषाबिंदू (धुळे)

स्कॅनर लिहितो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो नव्याने दाबून लहान केला जातो आणि त्यात जुन्या नोंदी उरत नाहीत. ताईंचं चित्र छोटं होतं म्हणून पिक्सेल तरी तेवढेच राहिले. मोठा स्कॅन असता तर पिक्सेलही कमी झाले असते आणि मग मागचा हिशेब कोणालाच लागला नसता. फाइल पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, जशीच्या तशी पोचते. नाहीतर ईमेल करा, पेनड्राइव्हवर द्या.

---

गिरणाथडी (भडगाव)

मना बी हाऊच प्रश्न व्हता भो! धागा काढा त्याबद्दल ताईस्ले धन्यवाद. वाचनखूण साठवी ठेवी.

---

कोरीव (चाळीसगाव)

एका गोष्टीवर मतभेद नोंदवतो. "फोटोशॉपमध्ये जाऊन ७२ चे ३०० करा, म्हणजे झालं" असं सगळीकडे सांगतात. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याने माझी दोन कामं बिघडली आहेत. इमेज साइजच्या खिडकीत "रिसॅम्पल" अशी खूण असते. ती चालू ठेवून ७२ चे ३०० केले तर माप तेवढंच राहतं आणि सॉफ्टवेअर मधले पिक्सेल स्वतःच्या अंदाजाने भरतं. फाइल जड होते आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. ती खूण काढून ३०० केलं तर एकाही पिक्सेलला हात लागत नाही, फक्त नोंद बदलते आणि माप ताळ्यावर येतं. ताईंच्या फाइलला हा दुसरा उपाय लागू आहे. खूण काढा, ३०० लिहा, ९० मिमी दिसेल.

---

तापीकाठचा (भुसावळ)

पण स्क्रीनसाठी ७२ आणि छपाईसाठी ३०० हा तर नियमच आहे ना? आम्हाला क्लासमध्ये असंच शिकवलं.

---

कोरीव (चाळीसगाव)

दादा, स्क्रीनला त्या आकड्याशी काही देणंघेणं नाही. १०६३ पिक्सेलचं चित्र, नोंदीत ७२ असो की ३००, ब्राउझरमध्ये तेवढंच दिसतं. करून बघा, एकाच फोटोच्या दोन प्रती करा आणि नोंद वेगळी ठेवा. हा आकडा कामाला येतो तो कागदाचं माप ठरवताना, म्हणजे छापताना आणि आपल्या रेषांच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र आणताना.

---

तापीकाठचा (भुसावळ)

करून बघितलं. दोन्ही सारखीच दिसली. मान्य.

---

सोनपट्टी (जळगाव)

माझा अनुभव फोटोचा नाही, पण दुखणं हेच आहे. मी दागिन्यांची डिझाइनं काढते. दागिन्यातल्या एका वाटीसाठी नक्षी इलस्ट्रेटरमध्ये काढली, बरोबर २२ मिमी व्यासाची. पत्रा कापणाऱ्या कारागिराकडे इंकस्केप आहे म्हणून त्याला एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) करून दिली. रेषाच तर आहेत, त्यात पिक्सेलची भानगड कुठून येणार, असं मला वाटलं. त्याने चांदीच्या पत्र्यावर कापून आणली. हातात घेतली तर जाळी एवढी बारीक की मणी ओवायची भोकं बुजल्यासारखी. कॅलिपर लावला, १६.५ मिमी.

पत्रा वाया गेला, त्याहून वाईट म्हणजे तारीख गेली. साखरपुड्याचं काम होतं.

नंतर कळलं ते असं. इलस्ट्रेटर एसव्हीजी लिहिताना इंचाला ७२ एकक धरतं. वाचणारं सॉफ्टवेअर इंचाला ९६ धरतं. ७२ भागिले ९६ म्हणजे पाऊण. २२ चं पाऊण १६.५. तेव्हापासून कुठलीही वस्तू बरोबर पाऊणपट आली की मी डोळे मिटून ओळखते. अशी आली तर १३३.३३ टक्के मोठी करा. पण खरा इलाज म्हणजे त्या कारागिराला आता मी पीडीएफ देते. पीडीएफमधलं एकक पॉइंट आहे, इंचाचा ७२ वा भाग, आणि ते सगळीकडे तेवढंच धरलं जातं. इंकस्केप पीडीएफ उघडतं आणि २२ चे २२ येतात.

---

बिबडे_पापड (चोपडा)

सोनपट्टी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी ताडकन उठून पाकीट मोजलं!

आमचा बचत गट ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड विकतो. पाकिटावर बारकोड टाकला होता. धुळ्याच्या एका दुकानात तो मशीनवर वाचलाच जाईना. काउंटरवरचा मुलगा तिरपा धरून, घासून, पुन्हा पुन्हा लावून बघत होता आणि मागे रांग. शेवटी दुकानदार म्हणाला, पुढच्या खेपेला नीट छापून आणा. आम्हाला वाटलं शाई पसरली असेल.

आता मोजलं. कडेच्या कोऱ्या जागेसकट २८ मिमी रुंद आहे. हे पाऊणपटीचंच प्रकरण का?

---

रेषाबिंदू (धुळे)

हो ताई, शंभर टक्के. तेरा आकड्यांच्या बारकोडचं मूळ माप कोऱ्या जागेसकट ३७.२९ बाय २५.९३ मिमी आहे. ८० टक्क्यांपर्यंत लहान करायला परवानगी आहे, म्हणजे रुंदी २९.८३ च्या खाली जायला नको. ३७.२९ चं पाऊण २७.९७ येतं. तुमचा बारकोड परवानगीच्या सीमेबाहेर गेलाय.

अजून एक. बारकोडचं चित्र जेपीजीमध्ये घेऊ नका. रेषांच्या स्वरूपात घ्या, ईपीएस किंवा पीडीएफ. आणि पानावर ठेवल्यावर कोपरा धरून ओढू नका. पाकीट छोटं असेल तर उंची कमी केलेली एकवेळ चालते, पण रुंदी आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा कमी करू नका.

---

बिबडे_पापड (चोपडा)

सहा हजार पाकिटं छापायची होती, पुढच्या महिन्यात. ऑर्डर अजून दिलेली नाही. तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू!

---

गिरणाथडी (भडगाव)

आभार बिबड्यांनी मानावेत. धाग्यावरच्या प्रत्येकाला एक पाकीट. :)

---

पाटीपेन्सिल (एरंडोल)

बिबडे भाजून, वर कच्चं तेल आणि तिखट. शेजारी भरीत आणि कळण्याची भाकरी असेल तर मी बारकोड न बघता घेईन.

---

शाई_कागद (सावदा)

भूक लावू नका, अजून लेबल पूर्ण व्हायचंय!

---

अर्धविराम (नंदुरबार)

इंकस्केपवाल्यांसाठी एक भर. २०१७ च्या जानेवारीत ०.९२ आवृत्ती आली. त्याआधी इंकस्केप इंचाला ९० एकक धरत होतं, तेव्हापासून ९६ धरतं. म्हणून २०१७ च्या आधीची एखादी जुनी फाइल उघडली की प्रोग्राम विचारतो, माप कसं धरू? ही खिडकी न वाचता बंद करू नका. चुकीचं उत्तर दिलं तर फाइल ९३.७५ टक्के होते, १०० मिमीची रेषा ९३.७५ मिमी. पाऊणपट झालं तर डोळ्यांना दिसतं, हे दिसत नाही. माझ्याकडे शाळेच्या ओळखपत्रांचा जुना साचा होता. सगळी कार्डं छापून, लॅमिनेट करून झाल्यावर कळलं की ती पाकिटात सैल बसतात.

इम्पोर्ट करतानाही खिडकी येते, त्यात चित्राचं रेझोल्यूशन फाइलमधून घ्यायचं की ठरलेलं धरायचं असं विचारलेलं असतं. "फाइलमधून" निवडा. खिडकी येत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये इम्पोर्टेड इमेजेसच्या पानावर ती चालू करता येते. तिथेच ठरलेला आकडाही बदलता येतो. ताईंचं बहुतेक काम ३०० च्या स्कॅनवर असेल तर तिथे ३०० लिहून टाकावं.

---

रेषाबिंदू (धुळे)

बाकी सगळं पटलं, पण शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. तिथे ३०० लिहिलं तर उद्या नोंद नसलेला मोबाइलचा फोटो आला तरी तो ३०० धरला जाईल आणि माप खोटं असूनही खरं वाटेल. चुकीचं माप ढळढळीत चुकीचं दिसलेलं बरं. २८१ दिसलं म्हणून तर ताईंनी धागा काढला.

---

अर्धविराम (नंदुरबार)

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण ज्याच्याकडे दिवसाला पन्नास स्कॅन एकाच स्कॅनरवरून येतात त्याच्यासाठी मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे. इतरांनी ९६ च ठेवा.

आणखी एक गंमत वाटावी अशी गोष्ट. पीएनजी फाइलमध्ये ही नोंद इंचाला नसते, मीटरला असते, आणि पूर्णांकात. ३०० डीपीआय म्हणजे मीटरला ११८११ पिक्सेल. उलट गणित केलं की २९९.९९९४ येतं. काही प्रोग्राम २९९.९९ दाखवतात ते यामुळे. घाबरू नका, मोजपट्टीला हा फरक दिसत नाही.

---

रंगरेघ (शहादा)

आमचं फ्लेक्सचं काम. आमच्याकडे माप फुटात आणि अडचणी वेगळ्या.

कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना सांगतो, चित्र आत घ्यायला कंट्रोल-आय केल्यावर माउस कसा वापरता त्यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं एकदा क्लिक केलं तर चित्र स्वतःच्या मापात येतं. क्लिक धरून ओढलं तर ओढाल त्या मापात येतं. एंटर दाबलं तर पानाच्या मधोमध, स्वतःच्या मापात. नवीन मुलांना ओढायची सवय असते आणि मग माप का बदललं म्हणून विचारतात. इलस्ट्रेटरच्या प्लेसमध्येही तसंच, क्लिक केलं तर पूर्ण माप, ओढलं तर ओढाल तेवढं.

आणि कुलूप! सारंगखेड्याच्या यात्रेसाठी घोड्याचा बॅनर होता, १० बाय ४ फूट. मुलाने कुलूप न लावता रुंदी भरली. घोडा पोटाशी एवढा लांब झाला की मालक आला आणि बॅनरसमोर उभा राहून काही बोललाच नाही. ज्या माणसाने तो घोडा लहानपणापासून वाढवला त्याला त्याच्या पाठीची लांबी बोटांनी माहीत असते. आम्ही रात्रीच पुन्हा छापून दिला, पैसे न घेता.

---

पाटीपेन्सिल (एरंडोल)

रंगरेघ भाऊ, फ्लेक्स तुम्ही खऱ्या मापात करता की लहान करून?

---

रंगरेघ (शहादा)

कमानीसारखं मोठं काम दहाव्या भागात. इलस्ट्रेटरचं नेहमीचं पान २२७ इंचांच्या पुढे जात नाही, म्हणजे १९ फुटांच्या आत. ३० फुटांची कमान त्यात कशी मावेल? दहावा भाग केला की ३६ इंच. छापताना १००० टक्के. पण हे फाइलच्या नावातच लिहायचं, "दहावा भाग, ३० बाय ५ फूट". तोंडी सांगितलेलं रात्री दोन वाजता मशीनवरच्या माणसाला आठवत नाही.

आणि चित्राचा हिशेब लक्षात ठेवा. १२०० पिक्सेलचा चेहरा ४ फूट रुंद छापला तर इंचाला २५ पिक्सेल पडतात. चौकातून बघायला चालतो. पण तोच बॅनर मंडपात, लोक हाताच्या अंतरावर बसणार तिथे लावला, तर नुसते चौकोन दिसतात.

---

वळणवाट (धुळे)

माझा प्रश्न थोडा वेगळा. मी गावांचे जुने नकाशे रेषांमध्ये उतरवते. मोठा नकाशा ए४ स्कॅनरवर चार तुकड्यांत स्कॅन केला. तीन तुकडे नीट जुळतात. चौथा एका नातेवाइकाने मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपवर काढून पाठवला होता. पांझरेचं पात्र तिसऱ्या तुकड्यातून चौथ्यात जाताना एकदम रुंद होतं. रुंदी बदलून बघितली, नदी जुळते तर रस्ता सरकतो.

---

कोरीव (चाळीसगाव)

वळणवाट ताई, चौथा तुकडा पुन्हा स्कॅन करण्याला पर्याय नाही. मोबाइलने काढलेल्या चित्राला खरं माप नसतंच. मोबाइल किती उंचावर होता त्यावर ते ठरतं. शिवाय फोन थोडा तिरपा असला की एक कड लहान होते. ॲप मग ती कड ताणून चौकट सरळ करतं आणि बरेचदा ए४ मध्ये बसवून देतं. म्हणजे एकाच चित्रात उभं आणि आडवं प्रमाण वेगळं. रुंदी-उंचीचे आकडे बदलून ते सुटत नाही.

फोटोशिवाय गत्यंतरच नसेल तर कागदाच्या दोन कडांना दोन फूटपट्ट्या ठेवून काढायचा, एक आडवी आणि एक उभी. नकाशावर प्रमाणपट्टी असेल तर तीच वापरा. १:५०००० च्या नकाशावर एक किलोमीटर २ सेमी असतो. तेवढी रेष सॉफ्टवेअरमध्ये काढा, प्रमाणपट्टीवर ठेवा, बसली तर माप खरं.

---

वळणवाट (धुळे)

फूटपट्टी चित्रातच ठेवायची! किती साधं आहे आणि किती वर्षं सुचलं नाही. मूळ कागद अजून त्यांच्याकडेच आहे, रविवारी जाऊन आणते.

---

जुना_जुळारी (अमळनेर)

पेन्सिल पुसली जाते. फूटपट्टी चित्राचाच भाग झाली की कोणी पुसू शकत नाही.

---

कापकाम (जळगाव)

लेझरवाल्यांचा एक मुद्दा कोणी मांडला नाही. इंकस्केपमध्ये चौकोनाला १ मिमी जाडीची रेषा असेल आणि वरच्या पट्टीत तुम्ही ५० लिहिलंत, तर ते ५० रेषेच्या जाडीसकट असतात. लेझर रेषेच्या मधून कापतो. हातात येतो ४९ चा तुकडा. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सच्या पानावर "जॉमेट्रिक बाउंडिंग बॉक्स" निवडा, मग मधल्या वाटेचं माप मिळतं. माझ्या ॲक्रिलिकच्या नावपाट्या खाचेत हलत होत्या, महिनाभर मी किरणाच्या रुंदीला दोष देत होतो.

आणि डीएक्सएफ (कापकामाच्या रेषांची फाइल) आली की आधी विचारायचं, इंच की मिमी? त्या आकड्यांना बरेचदा एकक लावलेलं नसतं. चुकलं की थेट २५.४ पट.

---

सोनपट्टी (जळगाव)

कापकाम भाऊ, हे मी आजच तपासते. वाटीच्या बाहेरच्या कडेला माझी रेषा ०.५ ची असते.

आता मी कुठल्याही फाइलच्या कोपऱ्यात १० मिमीचा चौकोन काढून ठेवते आणि त्याच्यात "१०" लिहिते. कारागिराला एकच सांगते, आधी हा चौकोन पुठ्ठ्यावर कापा आणि मला फोटो पाठवू नका, मोजून सांगा.

---

शाई_कागद (सावदा)

मंडळी, दोन दिवस गायब होते, कामात होते. आता मूळ प्रश्नावर परत.

मालकांकडून स्कॅन डॉक्युमेंट म्हणून मागवला. या खेपेला लेबलाच्या खाली स्टीलची पट्टी ठेवून स्कॅन केलाय. इंकस्केपच्या खिडकीत "फाइलमधून" निवडलं. कापायच्या आधी पट्टीवर माझी रेष ठेवून बघितली, पट्टीचे १०० मिमी आणि माझ्या रेषेचे १०० मिमी एकावर एक. मग लेबल मोजलं, ९०.१. वर नवीन लेबल रेषांमध्ये काढलं, ९० बाय ६०, कोपरे गोल.

आनंदाने घरच्या प्रिंटरवर नमुना काढला. मोजला तर ८७.३! डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सगळं बरोबर असताना हे काय?

---

रेषाबिंदू (धुळे)

ताई, छापायच्या खिडकीत "फिट" आहे का बघा. ९७ टक्के झालंय.

---

अर्धविराम (नंदुरबार)

+१. "फिट" असलं की प्रिंटरच्या कडेच्या कोऱ्या जागेत बसावं म्हणून सगळं पान आक्रसतं. "ॲक्चुअल साइज" किंवा १०० टक्के करा.

---

शाई_कागद (सावदा)

हो, फिटच होतं! बदललं. ९०. बरोबर ९०.

नमुना कापून व्यापाऱ्याच्या गोदामात घेऊन गेले. खोक्यावरच्या चौकटीत ठेवला. चारही बाजूंना केसाएवढी फट, सगळीकडे सारखी. त्याने अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाला, छापा.

काल रात्री जेवताना सासऱ्यांना नानांचा पेन्सिलीचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते उठले आणि माळ्यावरचा डबा काढून आणला. त्यात एक जुना गणपतीचा ब्लॉक आहे, लाकडावर ठोकलेला. लाकडाच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय "२॥". पट्टी लावली, अडीच इंच.

---

जुना_जुळारी (अमळनेर)

बाळ, तो ब्लॉक घासू नकोस. थोडं रॉकेल लावून मऊ फडक्याने पूस आणि कोरड्या जागी ठेव. लाकूड ओल धरतं.

---

बिबडे_पापड (चोपडा)

माझाही बारकोड झाला. ३७.२९ चाच ठेवला, पाकिटावरचं गटाचं नाव थोडं वर सरकवलं. गावातल्या किराणा दुकानात मशीनवर लावून बघितला, पहिल्याच फटक्यात टुक्‌ वाजलं. पाकिटावरचा लाल रंग मात्र स्क्रीनवर दिसतो तसा छापून येत नाही, विटकरी येतो. त्याचं काय करायचं?

---

रंगरेघ (शहादा)

ताई, त्याला वेगळा धागा काढा. मी येतो, सगळे येतील.